दगडापर्यंतची बोळवण

स्कारबरो
१४ जून १९५४

बाबा,

हे पत्र मी अकरा महिने पुढं ढकलत आले. आधी ठरवलं, काम मिळालं की लिहू. काम मिळालं तेव्हा ठरवलं, सुटलं की निवांत लिहू. सुटलंसुद्धा, एकदा नाही, चारदा. मार्चमध्ये पाकिटावर तुमचं नाव-गाव घातलं, तिकीट चिकटवलं आणि ते पाकीट उशीखाली घेऊन झोपत राहिले. आत पत्र नव्हतं, एवढीच उणीव. आता कागदाचं निमित्त आहे. इथं खेकडे बांधून द्यायचा कागद सोडून दुसरा हाताशी नाही, म्हणून या पत्राला वास येईल. हार्करकाकूंना म्हणावं, नाक धरून वाचा. त्या वाचणारच. शेजारच्या चुलीवर काय शिजतंय हे ज्यांना भिंतीतून कळतं, त्यांना पाकिटाचं काय.

मी बरी आहे. किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये खेकडे उकडते आणि त्यांचं मांस काढते. बोटांना चिरा पडल्यात, तुमच्या बोटांना बांधाचे दगड रचून पडतात तशाच, फक्त माझ्या चिरांत मीठ जातं. सकाळी धुकं असतं. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि मला वाटतं त्या आवाजाच्या पलीकडं आपलं खोरं आहे आणि कुणीतरी मेंढ्या वर घेऊन चाललंय. मग धुकं विरतं आणि तिथं पाणीच असतं.

मूळ सांगायचं ते राहिलं. तुमच्यासाठी एक चिठ्ठी जमलीय. रीतसर लिहिते, वर शब्द, खाली वाक्य जसं पडलं तसं, मग कोण, कुठं, कधी; अर्थाची जागा तुमच्यासाठी सोडते:

सेट. "समुद्राला सेट असतो, पोरी. माणसाला वाटतं आपण वल्हवतोय, पण पाणी आपल्याला त्याच्या ओढीनं घराकडंच नेत असतं." जेक कॅपलमन, कोळी, वय सत्तरच्या पुढं. स्कारबरोचा धक्का, ११ जून.

तुम्ही म्हणाल, ही कधीपासून चिठ्ठ्या लिहायला लागली? मलाही माहीत नाही. कान तसे झालेत. अकरा वर्षांची होते मी, विद्यापीठाचे ते गृहस्थ मोटार घेऊन आपल्याकडं आले तेव्हा. तुम्हाला, दगड रचणाऱ्या माणसाला, तेही बाराव्या वर्षी शाळा सोडलेल्या, त्यांनी खुर्ची दिली, स्वतः पेटीवर बसले, आणि म्हणाले, आमच्या शब्दकोशासाठी 'सेट' या एका शब्दाचे या खोऱ्यात किती उपयोग होतात ते चिठ्ठ्यांवर टिपून द्या. तुम्ही त्या दिवशी दाढी केली होती. बुटांचा रिकामा खोका मांडीवर घेऊन तुम्ही बसलात ते आठ वर्षं उठलाच नाहीत. आई म्हणायची, "या घरात बोलायची चोरी झालीय. मीठ मागितलं तरी हे कानामागची पेन्सिल काढतात." आणि सगळं खोरं तुमच्या खोक्यात शिरायला टपलेलं. हार्करकाकू एका दमात पाच वेळा 'सेट' म्हणायच्या आणि वर विचारायच्या, "लिहिलंत का, अँब्रोज?" तुम्ही मान हलवायचात. "मुद्दाम बोललेलं चालत नाही, बाई. चुकून पडलं पाहिजे."

खोक्यातली एखादी चिठ्ठी सापडत नसेल, तर हार्करकाकूंवर आळ घेऊ नका. बस, इतकंच म्हणते.

इथल्या लोकांची एक गंमत. माझ्याबरोबर आयलीन म्हणून एक मुलगी आहे. परवा ती घरी निघाली तशी मी म्हटलं, "चल, तुला पुलापर्यंत सेट करते." तिनं दोन्ही हात केसांवर ठेवले, तिला सेट म्हणजे केसांचाच माहीत. यांच्याकडं बोळवणीला तो शब्दच नाही. शब्दाचं जाऊ दे, बोळवणच नाही. माणूस उठतो, टोपी घालतो, जातो. मी तिला किट आणि लॅन्स या भावांचं सांगितलं. एक दुसऱ्याला बोळवायला निघाला, घर आलं, मग बोळवलेल्यानं परत बोळवायचं ही रीत, म्हणून दुसरा पहिल्याला बोळवायला उलटा निघाला. दुपारी जेवून उठलेले ते दोघं दूध काढायची वेळ झाली तरी पायवाटेवरच. आयलीन म्हणाली, "वेडे होते का?" मी म्हटलं, "नाही, भाऊ होते."

आपल्याकडं भांडी विकणाऱ्यालासुद्धा दगडापर्यंत सोडतात. खोऱ्याच्या तोंडाशी तो पसरट दगड, पूर्वी तिरडी टेकायचे तो. त्या दगडापलीकडं तुम्ही स्वतः उभ्या जन्मात दोनदा गेला असाल, पण दगडापर्यंत किती जणांना पोचवलंत. शिवणयंत्र विकायला आलेल्या त्या सर्दी झालेल्या माणसालाही. मी निघाले त्या सकाळी मात्र तुम्ही चुलीकडं तोंड करून बसलात. मी एकटीच चालत गेले. टिटव्या सगळ्या वाटेवर माझ्या मागं ओरडत होत्या, इतक्या की मला वाटलं, आई गेल्याचं त्यांनाही कळलंय. असो.

ही चिठ्ठी खोक्यात टाका. चालणार नसेल तर चुलीत.

तुमची
थर्झा


यॉर्कजवळ, टर्नबुलबाईंचं शेत
२ ऑगस्ट

बाबा,

खेकडे सुटले. माझंच चुकलं, मी एक दिवस कामावर न जाता कड्यावर पडून ढग बघितले. म्हणजे आधी एकच बघितला, तो मेंढीसारखा होता, मग त्याचं पुढं काय होतं ते बघत राहिले. आता इथं प्लम तोडते आणि पावसाच्या दिवशी टर्नबुलबाईंना मुरंब्यात मदत करते. कागद वाण्याच्या पुड्यांचा आहे, पाठकोरा. दुसरा नाही.

टर्नबुलबाई थंड बशीवर मुरंब्याचा थेंब टाकतात, बोटानं ढकलतात आणि त्यावर सुरकुती येते का बघतात. मी घाई करत होते.

"झाला की हो."

"कुठं झाला? बघ, पळतोय अजून. सेट व्हायचा तेव्हा होईल. आधी उतरवलास तर पाणी, विसरलीस तर दगड. तू काय कुणाच्या लग्नाला निघालीस?"

"नाही."

"मग ढवळ."

ही चिठ्ठी पक्की. टर्नबुलबाईंना तुमच्या खोक्याचं काहीही माहीत नाही. लिहून झाल्यावर मी विचारलं, तुम्ही आत्ता काय म्हणालात, तर त्या म्हणाल्या, "ढवळ म्हणाले."

त्या कढईवर वाकलेल्या असताना वाफेत त्यांचा चेहरा दिसत नाही, नुसते हात दिसतात, आणि मग त्या कोणीही असू शकतात. परवा मी दोन घटका त्यांना आई समजून बोलत होते, मनात. आई खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायची तेव्हा तिच्या पाठीवरून असाच हात फिरवायची. 'कोंबडी सेट केली' ही तुमची पहिली चिठ्ठी, हो ना? खोक्याच्या तळाशी आहे. तुम्ही ती आईला वाचून दाखवलीत तर ती म्हणाली, "हे तर मी बोलले." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर." ती दिवसभर लाजत होती.

त्या दिवसाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथं पाऊस लागलाय आणि ढवळण्याशिवाय काम नाही.

गवत कापणीचे दिवस होते. आईचा पलंग स्वयंपाकघरात आणला होता, तिला खिडकीतून कुरण दिसावं म्हणून. दुपारचं ऊन तिच्या पायांवर होतं. मी पाणी घेऊन आले आणि ती तुमच्याकडं बघून ते वाक्य बोलली. तुम्हाला माहीत आहे कुठलं. आणि तुम्ही तिचा हात सोडलात, कानामागची पेन्सिल काढलीत आणि लिहिलंत. बाबा, तुम्ही लिहिलंत. ती बघत होती. त्यानंतर ती बोलली नाही, संध्याकाळपर्यंत नुसता श्वास होता.

तिला पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी जे बोलले ते मला पाठ आहे. "तुम्हाला बायको मरताना दिसली नाही, शब्द मिळाला तेवढा दिसला." हार्करकाकू दारात दुधाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. तुम्ही मला एका शब्दानं अडवलं नाही. आठ वर्षं एकच शब्द गोळा करणाऱ्या माणसाकडं मुलीसाठी एकही निघू नये, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगायचं तर प्लमच्या झाडावर बसून अजूनही वाटतं.

एक ओळ लिहा. चुकीचं काय बोलले ते लिहा, शिव्या लिहा. पत्ता वर आहे. मी इथं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे, म्हणजे न कंटाळले तर.

थर्झा


लीड्स
२० सप्टेंबर

बाबा,

तुमचं पाकीट टर्नबुलबाईंनी इकडं पाठवलं. तुमचं अक्षर बघून मी ते पायऱ्यांवरच फोडलं.

कोऱ्या चिठ्ठ्या. बोटभर जाड गठ्ठा, दोऱ्यानं बांधलेला, आईच्या कपाटातल्या जाड पिवळ्या कागदाच्या, सगळ्या एका मापाच्या. वरची बघितली, खालची बघितली, पाकीट उलटं करून झटकलं. तुम्ही भिंत बांधता तसं उत्तर दिलंत, दगडावर दगड, मध्ये चुना नाही.

आधी मी रागावले. मग हसू आलं, कारण मी दोनदा कागदाची तक्रार केली होती आणि तुम्ही तेवढीच वाचलीत असं दिसतं. मग परत रागावले. आता वरून एक एक घेऊन वापरते आहे, म्हणून हे पत्र असं तुकड्या-तुकड्यांचं. क्रम चुकू नये म्हणून कोपऱ्यात आकडे घातलेत.

मी केस करायच्या दुकानात आहे. शुक्रवारी सगळ्या बाया केस सेट करायला येतात आणि डोक्यावर ती केस वाळवायची गरम घंटा घेऊन ओळीनं बसतात. आत काही ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतात. एकमेकींची गुपितं सगळ्या दुकानाला. एक बाई ओरडून सांगत होती, "मी त्याला म्हटलं, तुझं मन सेट झालंय तर झालंय, माझं काय दगडाचं आहे?" ही चिठ्ठी पाठवते, पण मला कळलं नाही ती नवऱ्याबद्दल बोलत होती की मुलाबद्दल. तुम्ही असतात तर विचारलं असतंत. तुम्ही अनोळखी माणसालाही विचारता, फक्त घरच्याला नाही.

दुकानामागं करवतींना धार लावणारा म्हातारा आहे. जेवायच्या सुट्टीत मी त्याच्याकडं जाऊन बसते. करवतीचे दात तो एक डावीकडं, एक उजवीकडं असे वाकवतो. त्यालाही सेटच म्हणतात, तुमच्याकडं हा उपयोग आहे का बघा. मी विचारलं, सरळ का ठेवत नाही? तो म्हणाला, "सगळे दात एकाच बाजूला बघायला लागले तर करवत लाकडात अडकून बसते, बाळ. थोडं वाकडं असावं लागतं, एकमेकांकडं पाठ करून. मगच वाट निघते." त्याच्या अंगणात लाकडाचा भुसा उडतो आणि उन्हात तो सोन्यासारखा तरंगतो. मी तिथं डोळे मिटून बसते, भुशाचा वास घरच्या गवतासारखा येतो, आणि कधीकधी जेवायचंच राहतं.

आता बातमी. मालकिणीची बहीण हॅलिफॅक्सला असं दुकान चालवते. आपल्या इथलं हॅलिफॅक्स नव्हे, तसं असतं तर दर रविवारी घरी आले असते. कॅनडातलं. तिला मुलगी हवी आहे. बोट लिव्हरपूलहून ३ नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजता सुटते. माझी जागा धरली आहे.

मला जायचंय की नाही, ते मला माहीत नाही. मला कायमच पुढचं वळण बघायचं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेतून पळून जायची तीही शाळा वाईट होती म्हणून नव्हे, वाट चांगली होती म्हणून. पण समुद्र ओलांडला की परत येणं माझ्यासारखीच्या हातात राहत नाही. म्हणून साधं सांगते. तुम्ही 'ये' एवढं लिहिलंत तर मी जाणार नाही. त्या गठ्ठ्यातल्या एका चिठ्ठीवर मावेल. २५ ऑक्टोबरपासून लिव्हरपूलला फॅझाकर्लीबाईंकडं आहे, पत्ता मागच्या बाजूला.

थर्झा


लिव्हरपूल
२८ ऑक्टोबर

बाबा,

फॅझाकर्लीबाईंच्या या खोलीतून नदी दिसते. बोटी धुक्यात नुसत्या आवाजानं ओळखायच्या. तुमची ओळ आली नाही. मी रोज दोनदा खाली जाऊन विचारते. बाई म्हणतात, "पोस्टमनशी लग्न कर म्हणजे धावपळ वाचेल."

आज सकाळी आयलीनला पत्र लिहायला घेतलं. तुमच्या गठ्ठ्यातली पुढची चिठ्ठी काढली, आणि ती कोरी नव्हती.

बरोबर मधोमध होती. वरून बघितलं, खालून बघितलं, मध्ये बघायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही महत्त्वाचा दगड नेहमी भिंतीच्या पोटात घालता, हे मला कळायला हवं होतं. तुमच्याच अक्षरात तुम्हाला परत वाचून दाखवते:

सेट. माणसाबरोबर जाणं, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत. "मी तिला दगडापर्यंत सेट केलं. तिनं मागं बघितलं नाही." अँब्रोज ऑल्डरसन, गवंडी, हार्करबाईंशी बोलताना. स्वतःचं अंगण, २० जुलै १९५३.

मी ती किती वेळ हातात धरून बसले माहीत नाही. चहा गार झाला.

तुम्ही आला होतात. भिंतीच्या पलीकडून, कुरणातून, पाठोपाठ. टिटव्या माझ्यासाठी ओरडत नव्हत्या. माणूस पुढं गेला की टिटव्या गप्प होतात, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं, आणि त्या माझ्या मागं दगडापर्यंत ओरडत होत्या, तरी मी वळले नाही. वळले असते तर भिंतीवरून तुमची टोपी दिसली असती.

आता माझी पाळी. दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत.

पहिली छोटी. जेक कॅपलमनची चिठ्ठी खोक्यातून काढा. तो असलं काही बोलला नाही. तो म्हणाला, "पाण्याचा सेट आज दक्षिणेला आहे, तो डबा सरकव इकडं." घराकडं नेणाऱ्या पाण्याचं सगळं मी रचलं. मुद्दाम बोललेलं चालत नाही, माहीत आहे.

दुसरी या पाकिटात आहे. तुम्ही खोका कितीदा उपसला असेल. हार्करकाकूंनी पलंगाखाली बघितलं असेल, चुलीमागं बघितलं असेल. ती मी नेली होती. निघायच्या सकाळी, तुम्ही गोठ्यात होतात तेव्हा. आईचं ते वाक्य तुम्ही शहरातल्या माणसांना द्याल, ते त्याला आकडा घालतील, फडताळात ठेवतील, हे मला सहन होईना. पंधरा महिने ती माझ्या बुटाच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळून फिरली. मी ती एकदाही उघडून वाचली नव्हती. गरजच नव्हती, वाक्य कानात होतं. "अँब्रोज, मला सेट करायला येशील ना रे, दगडापर्यंत?"

आज तुमच्या चिठ्ठीशेजारी ती ठेवली आणि पहिल्यांदा नीट बघितली. अक्षर तुमचं वाटत नाही, इतकं वेडंवाकडं. 'बोलणारी' या ठिकाणी तुम्ही लिहिलंय, 'एल्सी, माझी', आणि पुढं काही नाही. आणि अर्थाची जागा रिकामी. तुम्ही अर्थाची जागा कधी रिकामी ठेवत नाही. अर्थ नसला की शहरातले लोक चिठ्ठी परत पाठवतात, असं तुम्हीच सांगायचात. चार दिवसांनी माझ्या चिठ्ठीवर तुम्हाला तो अर्थ सुचला, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत. तिच्या वेळी सुचला नव्हता, की लिहवला नाही?

बाबा, मला वाटायचं, तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत, लिहीत बसलात. आज ही खोली, नदी, बोटींचे भोंगे, सगळं दूर दूर गेलं आणि त्या दुपारचं ऊन तेवढं परत आलं, तिच्या पायांवरचं, आणि मला ती दिसली, तुमच्या पेन्सिलीकडं बघणारी. ती रागावलेली नव्हती. ती त्या कोंबडीच्या चिठ्ठीच्या दिवशी होती तशी होती. मी पंधरा महिने तिच्या चेहऱ्यावर माझा राग घालून बघत आले.

चिठ्ठी तुमची आहे, परत घ्या. शहरात पाठवा किंवा ठेवा. मला हक्क नव्हता.

बोट बुधवारी. 'ये' लिहायला आता टपालाला वेळ पुरेल असं वाटत नाही. मीही आता ते मागत नाही. पण मागच्या पत्रात मागितलं होतं, ते खोडत नाही.

थर्झा


लिव्हरपूल
३ नोव्हेंबर, सकाळ

बाबा,

टपाल आलं. माझं काही नव्हतं. पेटी दाराशी उभी आहे, दोरी बांधून. फॅझाकर्लीबाईंनी बोटीवर खायला भाकरी आणि चीजचा मोठा तुकडा बांधून दिलाय आणि सांगितलंय की पहिले चार दिवस त्यातलं काही पोटात राहणार नाही, तरी बरोबर असावं.

बोटीला अजून पाच तास आहेत. आज धुकं नाही. नदी इतकी स्वच्छ आहे की पलीकडच्या काठावरची घरं मोजता येतील, आणि मला सारखं वाटतंय की मी झोपेत आहे आणि कुणीतरी मला उठवायचं विसरलंय. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकू ते ठरत नाही. इथं टाकलं तर उद्या तुम्हाला मिळेल, कॅनडातून टाकलं तर नाताळला. इथलीच बरी. लिहिण्यासारखं फार नाहीच, फक्त तुमच्या गठ्ठ्यातल्या सात चिठ्ठ्या उरल्यात, त्या मी नेते आहे. तिकडचे लोक हा शब्द कसा वापरतात ते—

फॅझाकर्लीबाई वर आल्या होत्या. जिन्यानं धाप लागली होती, म्हणून आधी माझ्या पलंगावर बसल्या.

"खाली एक म्हातारा आलाय. पायरीवर बसलाय, आत ये म्हटलं तर येत नाही, बूट मळलेत म्हणतो. एवढा चिखल मी युद्धातसुद्धा बघितला नव्हता."

"कोण आहे?"

"नाव कुठं सांगतोय. घटकाभर टोपी हातात फिरवत होता. बोलतो ते अर्धं कळत नाही. कुणी हार्करबाईनं त्याला दगडापर्यंत सोडलं म्हणे, तिथून दूधवाल्यानं स्टेशनपर्यंत, तिथून काल दिवसभर आगगाड्या. कसला दगड?"

मी उठून खिडकीकडं गेले.

"म्हटलं, पोरीला थांबवायला आलास का बाबा? तर म्हणतो, नाही, ते मी कसं करू. सेट करायला आलोय. मी म्हटलं, काय सेट करायला? तर म्हणाला, तिला सांगा, तिला कळेल. आणि विचारा तिला, कुठपर्यंत येऊ."

खिडकीतून वाकून बघितलं. वरून टक्कल दिसतं, आणि खांदे, आणि गुडघ्यावर ठेवलेली टोपी. खोका आणलेला नाही. कानामागं पेन्सिल नाही.

बाई जिन्यात उभ्या आहेत आणि विचारतायत, त्या माणसाला काय सांगू. मी म्हटलं, चहा ठेवा, मळक्या बुटांसकट आत घ्या, आणि माझी पेटी तेवढी खाली न्यायला हात लावा. धक्क्याकडं की स्टेशनकडं, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, स्टेशनकडं, आमच्याकडं बोळवायला आलेल्याला उलटं बोळवावं लागतं, दगडापर्यंत तरी.

बाबा, हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही खाली आला आहात.